पत्र्याचा अंगरखा

२८ ऑगस्ट १८३९. स्कॉटलंडमधल्या एग्लिंटन कॅसलच्या माळावर आभाळ फाटलं. तिथल्या तरुण उमरावाने, तेराव्या अर्ल ऑफ एग्लिंटनने, मध्ययुगात व्हायच्या तशा भाल्यांच्या झुंजी भरवल्या होत्या. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ वाचून वेडावलेल्या पिढीला चिलखतातले सरदार डोळ्यांनी बघायचे होते. लाखभर माणूस लोटला होता म्हणतात. लंडनच्या बाँड स्ट्रीटवरचा जुन्या शस्त्रांचा व्यापारी सॅम्युएल प्रॅट याने चिलखतं पुरवली होती, आधी लंडनमध्ये तालमी घेतल्या होत्या, बड्या पाहुण्यांसाठी मंडपही त्यानेच उभारला होता. मिरवणूक निघायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. मंडप गळू लागला, माळाचा चिखल झाला, आणि समारंभाचे ‘राजे’ लॉर्ड लंडनडेरी भरजरी पोशाखावर छत्री उघडून घोड्यावर बसले. व्यंगचित्रकारांना आयतं कुरण मिळालं.

हौसेखातर चिलखत चढवणाऱ्यांचा आधुनिक इतिहास मी या छत्रीपासून मोजतो. एग्लिंटनची मंडळी हसण्यावारी गेली खरी, पण त्यांच्यापुढचा पेच आजही या नादातल्या प्रत्येकापुढे आहे. मरून चार-पाचशे वर्षं झालेल्या माणसाच्या मापाचा पोशाख जिवंत माणसाने अंगाला कसा बसवायचा? युरोप-अमेरिकेत आज हजारो लोक या नादात आहेत. कुणी जुनी चिलखतं जमवतं, कुणी गॅरेजमध्ये पत्रा ठोकत बसतं, कुणी ती घालून रविवारी एकमेकांना बदडतं. या तिन्ही आळ्यांमधून फेरफटका मारल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: चिलखत ही आधी शिंप्याची वस्तू आहे, लोहाराची त्यानंतर. ज्यांना हे उमगलं त्यांचं काम डोळ्यांत भरतं, आणि ज्यांना नाही उमगलं त्यांनी भल्याभल्या पंडितांनाही चकवलं आहे.

थोडं शब्दांचं बघू. मध्ययुगीन युरोपात चिलखताचे मुख्य प्रकार दोन. एक कड्यांचं, म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत ओवून केलेला सदरा. दुसरं पत्र्याचं, जे पंधराव्या शतकात डोक्यापासून पायापर्यंत पूर्णावस्थेला पोचलं. ‘पत्रा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावसात वाजणारं छप्पर येतं, पण इलाज नाही. कारखान्यात त्याला पत्राच म्हणतात. कड्यांच्या चिलखताला फारसीत ‘जिरह’ म्हणतात आणि आपल्या जिरेटोपातलं ‘जिरे’ तिथूनच आलं आहे. चित्रांत मोत्यांच्या लडी सोडलेला जो टोप आपण बघतो, त्याचं नाव मुळात कड्यांची झालर असलेल्या लोखंडी टोपाचं. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंगरख्याखाली मावणारं आणि मिठी मारताना समोरच्याला कळू नये असं चिलखत किती मापात बसलेलं असेल, याचा विचार मात्र क्वचित कुणी करतो.

जमवणाऱ्यांची आळी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात श्रीमंत. सॅम्युएल रश मेरिक या इंग्रज गृहस्थाने १८२४ मध्ये चिलखतांवर मोठा ग्रंथ काढला आणि या विषयाला शिस्त लावली. लंडनच्या टॉवरमध्ये तेव्हा इंग्लंडच्या राजांची घोड्यांवर बसवलेली रांग होती आणि अकराव्या शतकातल्या विल्यमच्या अंगावर सोळाव्या शतकातला पत्रा होता. असल्या गफलती मेरिकनेच निस्तरल्या. पण त्याने नव्या गफलतीही करून ठेवल्या. जुन्या मोहरांवर आणि चित्रांत कलाकारांनी कड्या काढताना कुठे गोल, कुठे तिरक्या रेघा, कुठे पट्टे काढले होते. मेरिकने त्या प्रत्येक रेघेला चिलखताचा वेगळा प्रकार मानून वेगळं नाव दिलं. खरं तर ते सगळे एकच कड्यांचं विणकाम काढायचा कंटाळा करणारे चित्रकार होते. हातात तार आणि पक्कड घेऊन कुणी अर्धा दिवस बसलं असतं, तर यातले निम्मे प्रकार अंगावर टिकूच शकत नाहीत हे कळलं असतं. ती नावं पुढे दीडशे वर्षं टिकली आणि १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या परंपरेतून जगभरच्या पोरांच्या तोंडी बसली.

मागणी वाढली तशी नक्कल आली. म्युनिकच्या अर्न्स्ट श्मिट याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला उत्तम प्रतिकृती बनत. तो उघडपणे कॅटलॉग छापून त्या विकायचा. पुढच्या हातांनी त्यातल्या कित्येक ‘अस्सल’ म्हणून खपवल्या. त्याशिवाय ‘मिसळ’ हा प्रकार वेगळाच. टोप मिलानचा, छाती न्यूरेंबर्गची, पाय कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाचे आणि डावा हात गेल्या शतकातला, असं सगळं जुळवून उभा केलेला सरदार बऱ्याच बड्या घरांच्या जिन्यापाशी पहारा देत असतो. नक्कल ओळखायच्या खुणा जाणकार सांगतात. गिरणीतून लाटून आलेला पत्रा सगळीकडे एकाच जाडीचा असतो. जुना हातोडीखालचा पत्रा जिथे वार बसायचा तिथे जाड आणि कडेला पातळ. जुन्या लोखंडात मळीच्या रेघा सापडतात. पण मला सगळ्यात पटलेली खूण साधी आहे. बऱ्याच नकली चिलखतांत माणूस मावतच नाही. कोपर वाकत नाही, टोपात डोकं शिरत नाही, मांडी मोडून घोड्यावर बसता येत नाही. बनवणाऱ्याने ते भिंतीसाठी बनवलेलं असतं.

या आळीत दोन अमेरिकन माणसं मला फार आवडतात. एक बॅशफर्ड डीन. पेशाने मत्स्यशास्त्रज्ञ. अंगावर हाडांच्या पट्ट्या असलेल्या प्राचीन माशांचा अभ्यास करता करता माणसाच्या अंगावरच्या पट्ट्यांकडे वळला, असं त्याच्याबद्दल गमतीने म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १९१२ साली शस्त्रास्त्रांचा स्वतंत्र विभाग झाला, त्याचा तो पहिला प्रमुख. त्याने संग्रहालयातच चिलखत दुरुस्तीचं वर्कशॉप चालवलं आणि फ्रान्समध्ये शिकलेला दानिएल ताशो हा कारागीर तिथे बसवला. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा अमेरिकन सैन्यासाठी नव्या शिरस्त्राणांचे नमुने याच वर्कशॉपमध्ये ठोकले गेले. पंधराव्या शतकातल्या टोपाचा घाट विसाव्या शतकातल्या शिपायासाठी पुन्हा काढला जात होता, आणि ऐरणही संग्रहालयाचीच.

दुसरा जॉन वुडमन हिगिन्स, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावचा दाबयंत्रावर पोलादाचे सुटे भाग काढणारा कारखानदार. त्याला चिलखतात राजेरजवाड्यांपेक्षा कारागीर दिसायचा. १९३१ साली त्याने पोलाद आणि काचेची इमारत बांधून आपला संग्रह तिथे मांडला, शेजारी स्वतःच्या कारखान्याचा मालही ठेवला. ते संग्रहालय २०१३ च्या शेवटच्या दिवशी बंद झालं आणि चिलखतं गावच्या कला संग्रहालयात गेली. हौसेचे संग्रह बहुधा असेच संपतात. जमवणाऱ्याच्या पश्चात पत्र्याला तेल लावायचा खर्च कुणी करायचा, इथे गाडी अडते.

अस्सल वस्तू आता सामान्य हौशीच्या आवाक्यात नाही. १९८३ साली इंग्लंडमधल्या हेव्हर कॅसलच्या लिलावात फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याचं मिलानच्या नेग्रोली घराण्यातलं चिलखत १९ लाख पौंडांच्या वर गेलं. सुटा हातमोजा, एखादी खांद्याची पट्टी, कड्यांचा फाटका तुकडा एवढ्यावर मध्यमवर्गीय संग्राहक समाधान मानतो. बाकीच्यांनी ऑस्ट्रियात ग्राट्सला जाऊन बघावं. तिथल्या शस्त्रागारात ३२ हजारांच्या आसपास वस्तू एकेकाळच्या कोठाराप्रमाणे रांगेने लावलेल्या आहेत. नाही तर इटलीच्या उत्तर टोकाला शुरबुर्गच्या गढीत जावं. तिथे चौदाव्या शतकातली चिलखतं ज्या घराण्यासाठी बनली, त्याच्याच वारसांकडे आजही आहेत. आणि आपल्याला मुंबईतच काम असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं १५८१ सालचं चिलखत आहे. त्याच्यासमोर उभं राहून कुणी ‘केवढा कमी उंचीचा माणूस’ असं म्हणतं, तेव्हा मला सांगावंसं वाटतं की रिकाम्या पोशाखावरून उंची मोजू नका, खुंटीवरचा सदरा नेहमीच लहान दिसतो.

आता बनवणाऱ्यांच्या आळीत जाऊ. मला स्वतःला इथेच जास्त रमायला होतं.

कड्यांपासून सुरुवात करायची, कारण ते घरबसल्या जमतं. तार लोखंडी सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची, स्प्रिंग कापून कड्या सुट्या करायच्या, आणि प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या येतील अशा ओवत जायचं. मीही एकदा बोहरी आळीतून स्टेनलेस स्टीलची तार आणली, दोन पकडी घेतल्या आणि टीव्हीसमोर बसलो. तासाभरात अंगठ्याला फोड आला. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं की आदल्या रविवारच्या एका ओळीतल्या कड्या उलट्या पडल्या आहेत, आणि सगळी ओळ उसवली. आमची आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, “अरे, स्वेटरच आहे की हे. काखेत टाके वाढव.” तिला चिलखताबद्दल काहीही माहीत नव्हतं, आणि ते अगदी बरोबर होतं. कड्यांच्या सदऱ्याला खरोखरच काखेत कड्या वाढवतात, कमरेशी कमी करतात. नुसता चौकोन विणून दोन्ही बाजूंनी जोडला तर हात वर केल्यावर अख्खा सदरा वर ओढला जातो.

हे झालं नुसतं तोंडाशी तोंड लावलेल्या कड्यांचं. जुन्या युरोपियन चिलखतात कडीची दोन्ही टोकं चपटी करून एकावर एक चढवत, भोक पाडत आणि त्यात इवलंसं रिव्हेट ठोकत. त्याशिवाय भाल्याचं टोक कडी उघडून आत शिरतं. एका सदऱ्याला साधारण ३० हजार कड्या धरा. एका कडीला सगळं मिळून एक मिनिट लागलं तरी ५०० तास झाले. नोकरी सांभाळून रोज दोन तास बसणाऱ्याला आठ महिने. म्हणून हौशी मंडळी अनेक वर्षं न रिव्हेटलेल्या कड्यांवरच भागवायची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांसाठी तर न्यूझीलंडच्या कारागिरांनी प्लास्टिकच्या नळ्या कापून कड्या केल्या आणि त्यांवर धातूचा मुलामा चढवला. पडद्यावर कुणाला कळलं नाही.

पत्र्याचं काम वेगळं. त्याला जागा लागते, आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती लागते. नवशिक्याला पहिल्यांदा कोपराची किंवा गुडघ्याची वाटी करायला सांगतात. मराठीत गुडघ्याच्या हाडालाच आपण वाटी म्हणतो, तेव्हा समजायला सोपं. आधी पुठ्ठ्यावर माप. पुठ्ठा गुडघ्यावर गुंडाळायचा, वाकून बघायचा, कापायचा, परत गुंडाळायचा. मग तो आकार दीड मिलीमीटरच्या मऊ पोलादी पत्र्यावर उतरवून कापायचा. झाडाच्या बुंध्यात वाटीएवढा खळगा कोरलेला असतो. त्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने ठोके घालायचे. पत्रा खोलगट होत जातो तशा कडेला चुण्या पडतात. चुणी दिसली की तिथल्या तिथे बसवायची. आळस केला तर ती दुमडते, आणि दुमडलेला पत्रा पुढच्या ठोक्याला फाटतो. माझी पहिली वाटी अशीच फाटली होती. आकार आला की ती उलटी करून पोलादी गोळ्यावर घ्यायची आणि हलक्या हाताने, एकावर एक अर्धे चढणारे ठोके देत पृष्ठभाग गुळगुळीत करायचा.

या शेवटच्या कामाला इंग्रजीत ‘प्लॅनिशिंग’ म्हणतात आणि हौशी मंडळी त्याचं केवढं तरी स्तोम माजवतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत यालाच मठारणं म्हणतात. घंगाळावर, हंड्यावर जे ठोक्यांचे चकाकते ठिपके ओळीने दिसतात, ते मठारकाम. तांबं त्याने कडक होतं आणि चमकतंही. तिथला कारागीर घंगाळ फिरवत फिरवत बोलता बोलता ठोके घालतो आणि एकही ठोका जागा चुकत नाही. अमेरिकेतला निवृत्त इंजिनिअर हेच कौशल्य मिळवायला दहा वर्षं घालवतो. ब्रायन प्राइसचं चौदाव्या शतकातल्या चिलखतांच्या नकलेवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक २००० साली निघालं, ते या लोकांचं पहिलं पाठ्यपुस्तक. त्याआधी चार्ल्स फुक्सच्या १९१२ च्या पुस्तकावर आणि कबरींवरच्या पुतळ्यांच्या फोटोंवर भिस्त होती.

तर मूळ मुद्दा शिंप्याचा. नवशिका चिलखत करतो तेव्हा छातीचा पत्रा हमखास लांब करतो. टी-शर्टचं माप मनात असतं, म्हणून पत्रा पार बेंबीखाली जातो. घातल्यावर कळतं की बसता येत नाही, वाकता येत नाही. पत्र्याची खालची कड मांडीत आणि वरची कड गळ्यात रुतते. खरा छातीचा पत्रा फासळ्या संपतात तिथेच, माणूस जिथून मुडपतो त्या कमरेच्या बारीक भागाशी संपतो. त्याखाली सरकत्या रिव्हेटांवर एकाखाली एक पट्ट्या असतात, त्या परकराच्या घेरासारख्या पसरतात. तिथे कंबर नीट आवळली की वजन खांद्यांवरून उतरून नितंबांवर येतं. पाठीवरची मोठी सॅक नेणाऱ्या ट्रेकरला हे सांगायला नको.

आणि त्याच्या आत कपडा असतो. गोधडीसारखा टाके घालून थर भरलेला अंगरखा, त्याला ठिकठिकाणी बंद. पत्र्याचे तुकडे या बंदांना बांधतात. पायांचं सगळं वजनही त्यालाच लटकतं. म्हणजे अंगरखा नीट बेतलेला नसेल तर वरचा पत्रा कितीही सुंदर असो, तो घसरणार. फ्रान्समध्ये लियाँच्या वस्त्र संग्रहालयात चौदाव्या शतकातला एक अंगरखा आहे. १३६४ मध्ये लढाईत पडलेल्या शार्ल द ब्ल्वा याचा तो मानतात. त्याची बाही छातीच्या अर्ध्यापर्यंत आणि पाठीत खोलवर गोल कापून बसवलेली आहे, त्यामुळे हात पार वर नेला तरी कंबर हलत नाही. दर्जेदार काम करणाऱ्या हौशी मंडळींनी लोहारकाम तात्पुरतं बाजूला ठेवून आधी या बाहीचा कट शिकून घेतला आहे.

जुन्या चिलखतांचं वजन ही दुसरी अशीच गोष्ट. लढाईचं पुरं पत्र्याचं चिलखत साधारण २० ते २५ किलोचं. हौशीचं त्याहून जड निघतं, कारण बाजारातला पत्रा सगळीकडे सारखाच जाड. जुन्या कारागिराने जिथे नको तिथून लोखंड काढून टाकलेलं होतं. शिवाय त्याचं पोलाद पाणी दिलेलं असायचं. इंग्लंडच्या ॲलन विल्यम्सने शेकडो जुन्या तुकड्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासून २००३ साली मोठा ग्रंथ लिहिला. कुठल्या गावच्या लोहाराला पोलादाला पाणी देणं साधलं होतं आणि कुठल्या गावच्याला नव्हतं, हे त्यातून उघड झालं. आता हौशीही स्प्रिंगचं पोलाद घेऊन भट्टीत तापवून त्याला पाणी देतात आणि एक मिलीमीटरमध्ये काम भागवतात. घरी भट्टी पेटवणाऱ्यांना जुने लोक एकच ताकीद देतात: जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापवू नका, त्याचा धूर ताप आणतो.

सरदाराला घोड्यावर चढवायला यारी लागायची, ही थाप कुठून आली? मार्क ट्वेनच्या १८८९ च्या कादंबरीने हातभार लावला, आणि १९४४ च्या लॉरेन्स ऑलिव्हिएच्या ‘हेन्री पाचवा’ चित्रपटाने तर ती दाखवूनच दिली. वास्तविक फ्रान्सचा सेनापती बुसिको चिलखत घालून शिडीच्या पोटाकडून, नुसत्या हातांवर वर चढायचा, असं त्याच्या चरित्रात आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या दानिएल जाके या संशोधकाने मापाचं चिलखत घालून हे प्रकार करून पाहिले, एका शिपायाबरोबर आणि अग्निशमन दलाच्या जवानाबरोबर अडथळ्यांची शर्यतही लावली. पण याचा अर्थ चिलखत फुलासारखं हलकं, असा नाही. २०११ साली लीड्स विद्यापीठात ग्रॅहॅम ॲस्क्यू यांनी सराईत लढवय्यांना ३० ते ५० किलोंची चिलखतं घालून ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा चालायला दुपटीहून जास्त शक्ती लागत होती. तेवढंच ओझं पाठीवर घेतलं तर कमी लागते. कारण पायांवरचं लोखंड प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, शिवाय छातीला फुगायला जागा नसते.

या सगळ्यात मला चटका लावून गेलेला प्रयोग तिसऱ्या रिचर्डचा. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली या इंग्रज राजाचा सांगाडा मिळाला. पाठीचा कणा कुशीवर वाकलेला. असा माणूस १४८५ मध्ये बॉसवर्थच्या मैदानात घोड्यावरून चाल करून गेला कसा? तोच विकार तशाच प्रमाणात असलेला एक इंग्रज तरुण शोधला गेला, त्याच्या मापाचं चिलखत बनवलं गेलं आणि त्याला घोड्यावर बसवून भाला शिकवला. २०१४ च्या माहितीपटात ते सारं आहे. चिलखत घातल्यावर त्याच्या कण्याचा बाक नजरेला दिसेनासा झाला. उंच पाठीच्या जुन्या खोगिरावर तो आधुनिक खोगिरापेक्षा नीट बसला. फक्त धाप लवकर लागली. तयार मापाच्या पत्र्यात हा मुलगा पाच मिनिटंही टिकला नसता.

लढणाऱ्यांची आळी गोंगाटाची आहे, तिच्यातून पटकन पुढे जाऊ. कॅलिफोर्नियात बर्कलीला १ मे १९६६ रोजी एका घराच्या परसात काही विद्यार्थ्यांनी मध्ययुगीन मेजवानी आणि झुंज ठेवली. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रोनिझम’ ही संस्था उभी राहिली. त्यांची तलवार वेताची असते आणि वार बसला की नाही हे खाणाऱ्याने आपल्या इमानाने सांगायचं असतं. चिलखत मात्र खरं लागतं. टोपाचा पत्रा किमान सोळा गेजचा, मान, कोपर, गुडघे, मूत्रपिंडं झाकलेली. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या वार्षिक ‘युद्धाला’ दहा हजारांवर माणसं तंबू ठोकतात. त्याच्या पलीकडे पूर्व युरोपातून आलेला ‘बुहुर्त’ आहे. बोथट पण पोलादी हत्यारं, संघाविरुद्ध संघ, आणि शरीराची तीन टेकणं जमिनीला लागली की बाद. २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथे नियमाने चिलखत ऐतिहासिक नमुन्याचं लागतं, पण आतून टायटॅनियम चालतं. मला हे थोडं मजेशीर वाटतं. बाहेरून चौदावं शतक, आतून विमानाचा कारखाना. तरी हाडं मोडतातच, आणि बोटं सगळ्यात आधी.

खरं बोलायचं तर या नादाला शहाणं करणारी जागा थडग्यांची आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बी गावाच्या तटाबाहेर २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कच्या सैन्याने बेटावरच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. उन्हाळ्यात प्रेतं तुंबली, म्हणून चिलखतं न काढताच खड्ड्यांत लोटली. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले, आणि बेंग्ट थोर्देमनने १९३९ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्यात दोन डझनांच्या आसपास अशी चिलखतं सापडली की जी कुठल्याही राजवाड्यात जपली गेली नसती: कापड किंवा चामडं बाहेर, आणि आत रिव्हेटांनी जडवलेल्या लोखंडी पट्ट्या. बाहेरून दिसतात फक्त रिव्हेटांच्या डोक्यांच्या ओळी. आतले पत्रे ठाऊक नसले की माणसाला वाटतं, चामड्यावर खिळे ठोकलेलं हे जाकीट आहे. खेळांत आणि चित्रपटांत फिरणारं ‘खिळेदार चामड्याचं चिलखत’ बहुधा असल्याच गैरसमजातून जन्मलं. विस्बीचा नमुना नवशिक्याला फार सोयीचा. भट्टी नको, खोल ठोकाठोकी नको. पट्ट्या कापायच्या, जरा वाकवायच्या, कापडावर जडवायच्या. खुद्द विस्बीत १९८४ पासून दर उन्हाळ्यात मध्ययुगाचा आठवडा साजरा होतो. त्या वेळी असल्या चिलखतातली माणसं रस्त्यावर आइस्क्रीम खात उभी असतात.

आणि एवढं सगळं विकत कुठून येतं? उत्तर आपल्या देशात आहे. डेहराडूनची विंडलास कंपनी १९४३ मध्ये गुरखा पलटणींसाठी खुकऱ्या बनवायला निघाली आणि पुढे तलवारी, टोप, चिलखतं जगभर धाडू लागली. मेरठ, रुरकी, मुरादाबाद या पट्ट्यात असे अनेक कारखाने आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रिव्हेट मारलेल्या कड्यांचे सदरे युरोप-अमेरिकेत सामान्य हौशीला परवडू लागले, ते या पट्ट्यामुळे. तिकडचे चोखंदळ लोक नाकं मुरडतात: कड्या जाड, रिव्हेट ढिलं, काखेत आकार नाही. शेवटची तक्रार खरी आहे, पण तिचा दोष विणणाऱ्याकडे जात नाही. ऑर्डर ‘लार्ज’ आणि ‘एक्स्ट्रा लार्ज’ अशीच येते. जर्मनीतल्या कुणाची काख कशी आहे हे मेरठमध्ये कसं कळणार? ज्याला शौक आहे तो तयार सदरा घेऊन घरी उसवतो आणि स्वतःच्या मापाने काखेत कड्या घालतो. रेडिमेड कुर्ता आल्टर करावा तसं. एक कारागीर दिवसभर बसून रिव्हेटं दाबतो ती रोजीसाठी, आणि दुसरा त्यातलीच काही शनिवारी उघडतो ती विरंगुळ्यासाठी. दोघांच्या अंगठ्याला घट्टा मात्र त्याच जागी पडत असणार.

आपल्याकडे हा नाद कमीच. शिवजयंतीला शस्त्र प्रदर्शनं भरतात, त्यांत तलवारी, दांडपट्टे, भाले भरपूर, चिलखत एखाद-दुसरं. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये पोरं चिलखतं घालून येतात, पण ती फोमची. हीट गनने वाकवून वर रंग मारलेली. त्यांना हसू नये. फोमवर माप घेणं आणि पुठ्ठ्यावर घेणं यात फरक नाही, आणि कोपर वाकण्याचा प्रश्न फोमलाही चुकत नाही. लोखंडाला मात्र आपला पाऊस मानवत नाही. कड्यांचा सदरा जूनमध्ये तेल लावून पिशवीत ठेवला तरी सप्टेंबरात तांबडा निघतो. पूर्वी युरोपात कड्यांची चिलखतं वाळू घातलेल्या पिंपात टाकून पिंप गडगडत न्यायचे, की गंज आपोआप निघायचा. फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर ते जमणं कठीण.

माझा सदरा काही झाला नाही. चार रविवारांत तळहाताएवढा तुकडा झाला आणि मी तार संपल्याचं निमित्त केलं. परवा एका दुकानात अगदी तसाच चौकोनी तुकडा, स्टेनलेसच्या कड्यांचा, बिडाचा तवा घासायचा म्हणून विकायला दिसला. म्हणे मसाल्याचा थर निघतो आणि तव्याला चरे पडत नाहीत. घरी येऊन माझा तुकडा पोटमाळ्यावरून काढला. आईने तो दोन-तीनदा उलटापालटा करून पाहिला, एका कोपऱ्यातल्या उघड्या राहिलेल्या कडीवर नख ठेवलं आणि म्हणाली, “ही आधी दाबून दे. हाताला लागेल.”